कानांची खोली

सून गोड बोलायला लागली की टकटकमावशी मनातल्या मनात दाराला कडी घालत.

"आई, या रविवारी आपण सगळे त्या विज्ञानाच्या म्युझियमला जाऊ या. तुम्हीपण," सून भाजी निवडता निवडता म्हणाली, आणि मावशींच्या मनात पाल चुकचुकली ती नेमकी 'तुम्हीपण' या शब्दावर. आजवर घरातून सहली निघाल्या की मावशींच्या हातात काय पडायचं, तर घराची किल्ली. "तुम्ही असलात म्हणजे सिलिंडरवाल्याची काळजी नाही," असं म्हणून सगळे बाहेर पडायचे. मावशींनाही ते सोयीचंच होतं. घरी एकटं असलं की कुणी काही विचारत नाही, आणि आपण काय ऐकलं नि काय नाही हे कुणाला दाखवावं लागत नाही.

"मला कशाला? त्या पोरांच्या जागा," मावशी म्हणाल्या.

"पोरांच्या कसल्या! मोठीच माणसं जास्त रमतात तिथे. आणि तुमच्याशिवाय मजा नाही."

तुमच्याशिवाय मजा नाही! लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य सुनेच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मावशींनी एक कोवळी शेंग उगाचच मोडून पाहिली.

टकटकमावशी हे त्यांचं दुकानातलं नाव. काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात मागच्या टेबलावर त्या बांधणीला होत्या. गिऱ्हाइकानं पसंत केलेला कप, पेला, बरणी त्यांच्याकडे यायची. कागदात गुंडाळण्याआधी मावशी ती वस्तू डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायच्या आणि उजव्या हाताच्या नखानं तिला टकटक करायच्या. धड कपाचा नाद लांबत जातो. केसाएवढा तडा गेलेला कप खोकल्यासारखा बद्द वाजतो. नवरा गेल्यावर मुलाला त्यांनी वाढवलं ते या टेबलाच्या जिवावर. मावशींनी वाजवलेला माल परत बघायचा नाही, असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत.

हा नाद गेल्या काही महिन्यांत मावशींच्या कानातून निघून गेला होता. आधी पातळ पेल्यांचा गेला. मावशींनी ठरवलं, हल्ली मालच हलका येतो. मग कपांचा गेला. त्यांनी डोक्यावरच्या पंख्यावर संशय घेतला, मग रस्त्यावरच्या गाड्यांवर, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईवर, की ही मुद्दाम कागद चुरगाळते. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला तेव्हा कुठे स्वतःच्या कानांची पाळी आली. तीही कशी, तर एके दिवशी दुकानात चमच्यांचा जुडगा फरशीवर पडला, सगळ्यांनी दचकून माना वळवल्या, आणि मावशी आपल्या सुतळीची गाठ मारत राहिल्या. मान वर केली तेव्हा सगळे खाली वाकून चमचे गोळा करत होते.

तेव्हापासून मावशी टकटक करायच्या ती लोकांना ऐकू यावी म्हणून. खरी तपासणी डोळ्यांनी चालायची. कप दिव्यासमोर धरून, फिरवून, पुसण्याचं निमित्त करून. तरी मध्यंतरी एक चहादाणी तडा गेलेली परत आलीच. मावशींनी बिनदिक्कत टेम्पोवाल्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा काही बोलला नाही, कारण तो गाडी खरोखरच आदळत चालवायचा.

घरात हे कळलं असतं तर मुलानं त्यांना दुकानातून काढायला एक दिवससुद्धा लावला नसता. तो तर निमित्तच शोधत होता. "आई, पुरे आता. बस घरी आरामात," हे त्याचं पालुपद. आरामात म्हणजे कसं, ते मावशींना चांगलं ठाऊक होतं. दूध तापवायचं, दार उघडायचं, आणि संध्याकाळी सगळे आले की दिवसभरात काही झालं नाही असं सांगायचं. मावशींना दुकान सोडायचं नव्हतं.

पण म्युझियमचं आणि कानांचं काय नातं, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. ते कळलं नातीमुळे. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बसूनसुद्धा फिरत असे. ती शाळेबरोबर तिथे एकदा जाऊन आली होती.

"आजी, तिथे सगळ्याला हात लावायचा! नाही लावला तर तिथले दादा म्हणतात, लावा की!"

"सगळ्याला हात लावू देतात? मग फुटलेलं कोण भरतं?" जन्मभर 'हात लावू नका' म्हणण्यात गेलेल्या मावशींना हा कारभार मुळातच संशयास्पद वाटला.

"फुटत नाही गं काही! आपली सावली भिंतीवर चिकटून राहते. आपण बाजूला झालो तरी! आणि फिरत्या खुर्चीत बसून सायकलचं फिरतं चाक तिरकं धरायचं, की आपण आपोआप गोल फिरतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे कानांची खोली."

मावशींचा हात थांबला. "ती कसली?"

"काचेची खोली. आत एकट्यानं बसायचं, कानाला ते लावायचं. आधी म्हशीसारखा जाडा आवाज येतो, मग बारीक बारीक होत डासासारखा. ऐकू येतंय तोवर बटण दाबून धरायचं. मग बाहेर भिंतीवर हा एवढा मोठा आकडा येतो, आपले कान किती वर्षांचे ते. आमच्या बाईंचे कान बाईंपेक्षा म्हातारे निघाले! सगळा वर्ग हसला."

असं होय. मावशींना एकेक कडी जुळताना दिसली. मागच्या महिन्यात दारावरची चांगली बेल काढून सुनेनं अख्खी गल्ली जागी होईल अशी कर्कश बेल बसवली होती. हल्ली ती घरात बोलायची तेही सभेत बोलल्यासारखी. आणि आदल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मावशींनी तिला तिच्या आईशी फोनवर बोलताना पाहिलं होतं. "एकदा आकडा डोळ्यांसमोर आला की मान्य करावंच लागेल ना?" असं काहीतरी म्हणत होती, नि मावशी दिसताच आवाज खाली आणला होता. सून दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामावर होती. घाबरणाऱ्या माणसाला गोड बोलून खुर्चीत कसं बसवायचं, हे तिला शिकवायला नको होतं.

मावशींनी कंबर कसली.

"माझे गुडघे धरलेत गं. तिथे चालणं फार असेल," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"तिथे चाकाची खुर्ची मिळते, आई. मी चौकशी केली."

"चाकाची खुर्ची? मला काय लुळीपांगळी समजलीस? मी अजून तासन्‌तास उभी राहते टेबलाशी!"

"मग झालं तर," सून हसून म्हणाली. मावशींनी जीभ चावली. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

मग त्यांनी रविवारच्या गर्दीचं काढलं. सून म्हणाली, दार उघडायच्या वेळेलाच जाऊ. मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "रविवारी दुकानात नवा माल उतरायचाय. मालकीणबाई सोडायच्या नाहीत."

"मी विचारलंय त्यांना. खुशाल घेऊन जा म्हणाल्या."

सुनेनं परस्पर मालकीणबाईंना फोन केला! रविवारचं विचारायला केला, ते ठीक. पण त्या ओघात आणखी काय काय विचारलं असेल? दुकानात गेल्या गेल्या त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या सूनबाईंनी फोन केला होता म्हणे?"

"हो ना! नशीबवान आहेस. कोण हल्ली सासूला फिरायला नेतं?"

"काय काय बोलली?"

"काय बोलणार? रविवारचंच." मालकीणबाई त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, किंवा मावशींना तसं वाटलं. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक कप दोन-दोनदा वाजवला, आणि एकाचाही नाद कानावर आला नाही.

शनिवारी दुपारी त्यांचा धीर सुटला. भिंगरी शिकवणीला गेली होती. मुलगा बाहेरच्या खोलीत पाठमोरा बसून टेबलफॅन खोलून साफ करत होता. सून उद्याच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरत होती. मावशींनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि थेट तोफ डागली.

"हे सगळं माझ्यासाठी चाललंय ना? सरळ सांग. ती बेल, तो मोठा आवाज, ती कानांची खोली. चारचौघांत माझा आकडा भिंतीवर लावायचा आणि मग घरी बसवायचं. असंच ना?"

सून बाटली हातात धरून बघतच राहिली. "तुमच्यासाठी? अहो आई, तुमच्यासाठी कशाला? तुमच्या लेकासाठी!"

"काय?"

"तुमच्या लेकासाठी. याला ऐकू येत नाही."

"हळू बोल, बाहेर बसलाय तो!"

"हळू कशाला?" सुनेनं लोटलेलं दार सताड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमचा मुलगा बहिरा होत चाललाय!"

मुलाची पाठ हलली नाही. तो फुंकर मारून पंख्याच्या पात्यावरची धूळ उडवत होता.

सुनेनं दार पुन्हा लोटलं. तिचा चेहरा एकदम उतरला. कारखान्यात पत्रे कापायच्या यंत्रावर त्यानं इतकी वर्षं काढली, त्याची किंमत कानांनी मोजली, असं ती सांगू लागली. दुपारी पाळीवरून येऊन झोपला की साध्या बेलनं उठायचा नाही, म्हणून ती बेल. ऐकू आलं नाही की म्हणतो, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस अबोला. आणि मागच्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकात ट्रक मागे येत होता, हॉर्न वाजवत होता, आणि हा वाटेतून बाजूला होईना. मुकादमानं कॉलर धरून ओढला, म्हणून वाचला.

"मला हे कुणी सांगितलं नाही," मावशी खाली बसत म्हणाल्या.

"मलाही त्यानं कुठे सांगितलं? मुकादमाची बायको दवाखान्यात आली होती, तिच्याकडून कळलं. म्हणून म्हटलं, खेळात नेऊन बसवावं. पण पहिला तो काही बसायचा नाही. तुम्ही आधी बसा, आई. तुम्ही बसलात की मागे सरायला त्याला लाज वाटेल. तुमचं काय, तुमचे कान तर मांजराचे. मी फोनवर कुजबुजले तरी तुम्हाला कळतं."

मावशींना एक क्षणभर इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं. दुसऱ्या क्षणी ते विरलं. ही खरं बोलतेय, की हा आणखी मोठा गळ? एवढा आकडा भिंतीवर लागला की लेकाच्या आधी आपलंच दुकान बंद. नाही म्हणावं. गुडघे आहेतच.

पण डोळ्यांसमोरून तो ट्रक हलेना. आणि त्यांना लेकाच्या कितीतरी गोष्टी आठवू लागल्या. सगळे हसून झाल्यावर तो हसायचा. प्रश्न काय आहे हे न बघता 'हो, बघू' म्हणायचा. त्यांना वाटायचं, बापावर गेलाय, घरात लक्ष नाही. या सगळ्या युक्त्या मावशींच्या रोजच्या वापरातल्या होत्या. दुसऱ्या कुणात त्या असतील, अशी शंका मात्र जगावर संशय घेणाऱ्या या बाईला कधी आली नव्हती.

"मी बसेन," त्या म्हणाल्या. "पण आधी एक ठरवायचं. आकडा काहीही येवो, दुकान मी सोडणार नाही. तो घरी बसवायला लागला तर तू माझ्या बाजूनं बोलायचं."

"आकडा काहीही येवो म्हणजे?"

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या.

सुनेला उमजायला वेळ लागला नाही. "कधीपासून?"

"तुझ्या बेलच्या बऱ्याच आधीपासून."

"मग मी बोलते ते..."

"अर्धं ऐकते, अर्धं तुझ्या तोंडाकडे बघून जुळवते. तू भरभर बोलतेस, फार त्रास होतो."

सून स्टुलावर बसली. "म्हणजे आईशी फोनवर मी जे बोलायचे, ते तुम्हाला ऐकूच जायचं नाही? आणि मी उगाच गॅलरीत जाऊन, उन्हात उभी राहून...!"

"काय बोलायचीस?"

"काही नाही," सून घाईघाईनं म्हणाली. मग दोघींनाही हसू आवरेना.

रविवारी सकाळी मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. "आज सासूसुना एका सुरात कशा? काय शिजतंय?" सुनेनं पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. रस्ता ओलांडताना मावशी त्याच्या गाड्यांच्या बाजूनं चालल्या. त्याच्या संशयात तेवढी आणखी भर पडली.

काचेच्या खोलीत मावशी ताठ बसल्या. जाडा आवाज आला, जरा बारीक झाला, आणि संपला. त्यांनी बटण सोडलं. बाहेर भिंतीवर आकडा लागला तो त्यांच्या खऱ्या वयाच्या कितीतरी पुढचा. भिंगरी टाळ्या पिटत ओरडली, "आजी, तुझे कान तुझी आजी आहेत!"

"मशीन बिघडलंय," मुलगा हसत म्हणाला.

"असेल. बसून बघ."

तो हसतच आत गेला. मावशी आणि सून काचेपाशी उभ्या राहिल्या. त्यानं बटण दाबलं, लगेच सोडलं, आणि मग बराच वेळ छताकडे बघत बसला. शेवटी त्यानं काचेतून हातानं विचारलं, पुढचं कधी सुरू होणार? तोवर इकडे भिंतीवर आकडा लागलेला होता. सुनेनं मावशींचा दंड घट्ट धरला.

तो बाहेर आला, त्यानं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "ठरवून केलंत ना हे?"

"हो."

"दोघींनी?"

"दोघींनी," मावशी त्याच्या अगदी समोर उभ्या राहून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या.

"तुम्ही दोघी एकमेकींशी कधीपासून बोलायला लागलात? आणि डॉक्टरकडे मी येणार नाही, आधीच सांगतो."

"नको येऊस. मला तर जायचंय. मला कोण नेणार?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती भिंगरीच्या वेणीची रिबीन बांधण्यात गढून गेली होती. त्यानं पुन्हा आईकडे पाहिलं, डोळे बारीक करून, जणू हिच्या पोटात आणखी काय काय दडलंय ते शोधत.

"बरं," तो अखेर पुटपुटला. "नेतो."

"मोठ्यानं बोल."

"नेतो म्हटलं!"

"दुपारची वेळ घे," मावशी म्हणाल्या. "सकाळी मला दुकान आहे."