नादारीचा अर्ज आणि वकिलाची पोरगी

आमच्या घराण्यात तोवर कोणाचंही दिवाळं निघालेलं नव्हतं. तो मान मला मिळायचा होता.

वडशात माझं गॅसबत्त्या भाड्याने देण्याचं दुकान होतं. हिवाळा लागला की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होत, आणि नाटक म्हटलं की उजेड आलाच. पैकुजी सावकारांकडून पैसे घेऊन मी नव्याकोऱ्या बत्त्या आणल्या. पहिल्याच नाटकाला त्या पाठवताना बैलांची बंडी महाग पडते म्हणून हल्यांची केली. हल्या म्हणजे रेडा. बंडी वैनगंगेच्या मधोमध आली आणि दोन्ही हल्ये पाण्यात फतकल मारून बसले! (पाणी दिसलं की हल्या बसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त व्यापारात शिरलेल्या माणसाला नसतं.) काचा फुटल्या, पंपांत रेती गेली, आणि नाटकवाले विसार परत मागायला दारात उभे राहिले.

तेव्हा पुढे सरसावला माझा साळा डोमाजी. तो एकदा कोर्टात साक्ष देऊन आला होता, तेव्हापासून घरातला कायदा त्याच्याकडे होता.

"भाऊजी, नादारीचा, म्हंजे दिवाळ्याचा, अर्ज टाका," तो म्हणाला. "कोर्टानं एकदा नादार म्हटलं का कोणी तुम्हाले बोट लावत नाई."

"म्हंजे कर्ज माफ?"

"सारंच! मोठेमोठे शेठ हेच करून राह्यले."

मोठ्या शेठांच्या रांगेत बसायचं म्हणून मला जरा बरंही वाटलं. असल्या अर्जाचा वकील चांद्याला मिळेल, पण कोणाला कळता कामा नये, असं ठरवून आम्ही सकाळची गाडी धरली. डब्यात शिरलो, तर खिडकीशी कोण? पैकुजी सावकार!

"या, बसा! कुठी चाल्ले दोघं?"

"पोरगी पाहाले," मी म्हणालो. "डोमाजीसाठी."

"वा! कोनाची पोरगी?"

डोमाजीला खोटं बोलता येत नाही. घाबरला की तो अर्धंच खरं बोलतो, आणि ते जास्त वाईट.

"वकिलाची," तो म्हणाला.

पैकुजींनी मांडीवर थाप मारली. "वकिलाची! आन् असे दोघंच चाल्ले? मोठं मानूस संग नको? मी येतो!"

"तुमचं काम खोळंबन, भाऊ," मी म्हणालो.

"लगनापरीस मोठं काम कोनतं?"

नागभीड गेलं, मूल गेलं, पैकुजी काही उतरले नाहीत. उलट साऱ्या डब्याला त्यांनी डोमाजीचे गुण सांगितले आणि वर माझी पतही वाखाणली. "सोन्यासारखं घर आहे! मी सोता यांच्या शब्दावर पैसे देतो!" मी खिडकीबाहेरचं जंगल पाहत राहिलो. एखादा वाघ डब्यात यावा, असं फार वाटलं.

चांद्याला कोर्टाजवळ विचारत विचारत आम्ही वकीलसाहेबांच्या ओसरीत पोचलो. पैकुजी सगळ्यात पुढे. आम्ही तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमची पोरगी पाहाले आलो."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "माझी मुलगी?"

"हो. पोरगा हा. लाजते जरासा."

साहेबांनी आत हाक मारली. दुडूदुडू चालत एक चारेक वर्षांची पोर आली. तिच्या हातात अर्धा पेरू होता. तिने डोमाजीकडे नीट पाहिलं आणि पेरू पाठीमागे लपवला.

"हीच एक आहे," साहेब म्हणाले. "थांबायची तयारी आहे?"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मान खाली घालून हल्यांपासून सगळं सांगितलं. पैकुजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मलेच बुडवाले चाल्ले होते? आन् मले संग घेऊन?"

"तुम्हीच आले, भाऊ!" डोमाजी म्हणाला. (या वेळी अगदी पूर्ण खरं.)

वकीलसाहेबांनी तिघांना पाणी दिलं आणि शांतपणे कायदा समजावला. नादार झालं की कर्ज वाऱ्यावर उडत नाही. कोर्ट नादाराची मालमत्ता ताब्यात घेतं, विकतं, आणि पैसे घेणेकऱ्यांत वाटतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, धंद्याची हत्यारं तेवढी राहतात. पुढे वागणूक पाहून कोर्टाने मोकळं केलं, तरच सुटका. "आणि अर्जाआधी घरातली एखादी वस्तू जरी लपवली, तरी तुरुंग!"

मी डोमाजीकडे पाहिलं. सकाळीच बायकोने चांदीचे गोट आणि माझं घड्याळ शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात दडवलं होतं.

"बरं, एकूण देणं किती?" साहेबांनी विचारलं.

सगळं मिळून साडेचारशे रुपयांच्या आसपास होतं. मी आकडा सांगितला, आणि साहेब हसायलाच लागले.

"अहो, पाचशेच्या खाली असा अर्ज टाकताच येत नाही! नादार व्हायला तुमचं कर्ज कमी पडतं."

मग डोमाजी हळूच पैकुजींकडे वळला.

"भाऊ, आनखी पन्नासेक रुपये द्याल काय?"

पैकुजी आधी काठी उचलायला वाकले, आणि वाकल्या वाकल्याच त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की आतून साहेबांच्या बायकोने चहा पाठवला. चहावर तिथेच ठरलं: बत्त्या दुरुस्त करायच्या, हंगामभर अर्धं भाडं पैकुजींना द्यायचं, आणि ते व्याज सोडतील. "साऱ्या डब्याले तुमची पत सांगून बसलो," ते म्हणाले. "आता बुडू कसा देऊ?"

मला इतकं हलकं वाटलं की मी छाती फुगवून वकीलसाहेबांना त्यांची फी विचारली. साहेब म्हणाले, "पाच रुपये." मी खिसा चाचपला, डोमाजीने त्याचा चाचपला, आणि दोघांनी मिळून पैकुजींकडे पाहिलं. कर्ज बुडवायला चांद्याला गेलेला, आणि ते पाच रुपयांनी वाढवून आलेला वडशातला मी पहिलाच व्यापारी!