दोन पोटांची चित्रं

वजन कमी करायचं ऑपरेशन निवडताना मी बावळटासारखी एकच चौकशी केली होती : कोणतं केलं तर लोकांना कळणार नाही?

आज दवाखान्यात एक जाडसर बाई भिंतीवरची दोन ऑपरेशनं दाखवणारी दोन पोटांची चित्रं बोटाने गिरवत उभी होती, आणि मला पन्नाशीतली मी आठवले. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हाला ॲसिडिटी आहे, जठराला वळसा घालून आतडं जोडायचं, ते बायपास बरं पडेल. फक्त गोड जास्त खाल्लंत तर घाम येईल, गरगरेल." हळदीकुंकवात लाडू खाताना घाम आला तर बिंग फुटेल, म्हणून बाईसाहेबांनी हट्टाने दुसरं निवडलं आणि जठर कापून केळ्याएवढं करून घेतलं. सोबत अक्कलही कापली गेली असावी. जळजळ आजतागायत आहे.

ती सोसते मी. पण तेव्हा सगळ्यांना ऐटीत सांगत होते, "कोमट पाणी आणि मध, बस्स!" शेजारची नलू माझ्याहून जाड. तिने ते वर्षभर मुकाट्याने घेतलं, पण वजनाचा काटा हलला नाही. आपली लाज झाकायला आपण जे सांगतो, ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

शेवटी मीच तिला खरं सांगितलं. नलू भांडली नाही. म्हणाली, "अगं, वर्षभर मी आरशात बघून स्वतःलाच शिव्या घालत होते."