नव्वद की एकशेपंधरा

राहुरीच्या बागायती पट्ट्यात कुणी नवं यंत्र आणलं की गावाचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "किती हॉर्सपॉवरचं?" असा असतो. मंजुरी पाचची काढायची आणि विहिरीवर मोटार साडेसातची बसवायची, ही इथली रीत. तेव्हा आसाराम म्हसे विमानाच्या बाबतीतही तसेच वागले याचं नवल नको. नवल करायचंच तर त्यांच्याकडे विमान होतं याचं करावं.

विमान खरंखुरं होतं. साठ वर्षांपूर्वी बंगळूरला बनलेलं, दोन माणसांचं, पंखांवर कापड ताणलेलं. एका फ्लाइंग क्लबानं ते भंगारात काढलं आणि आसारामभाऊंनी लिलावात उचललं. हौसेला मोल नसतं. कांद्याच्या चाळीच्या एका टोकाच्या फळ्या काढून त्यांनी ते आत सरकवलं. पुतणी स्नेहल वैमानिकाचं शिक्षण संपवून नोकरीची वाट बघत घरी बसली होती. तिनं उडवायचं, शेजारी आपण बसायचं आणि बारामतीच्या धावपट्टीवरून एक चक्कर मारून यायची, असा भाऊंचा बेत होता. अडचण एकच, इंजिन मेलेलं होतं. त्याच्या मुख्य ओतकामालाच तडा गेला होता आणि तो सांधण्यातला नव्हता.

म्हणून नगरहून कृपा भिंगारदिवे यांना बोलावणं गेलं.

कृपाताई बासष्ट वर्षांच्या. नागापूरला एमआयडीसीत त्यांचं जनरेटर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे, पण विमानाच्या इंजिनाचं काम तपासून सही करायचं लायसन्सही त्यांच्याकडे आहे आणि ते त्यांनी आजवर कधी संपू दिलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या शिकाऊ म्हणून याच विमानाच्या क्लबात लागल्या होत्या. पोरीची जात, हिला इंजिन काय कळणार, म्हणून पहिलं वर्षभर त्यांना फक्त सुटे भाग पेट्रोलनं धुवायला दिले. त्यांनी ते असे धुतले की दुसऱ्या वर्षी साहेबांना झक मारून हातात पाना द्यावा लागला. पुढं अकरा वर्षं त्यांनी या विमानाचं इंजिन खोललं, जोडलं, सुरू करून दाखवलं, आणि कागदावर सही मात्र दर वेळी दुसऱ्याची झाली. स्वतःचं लायसन्स मिळालं तोवर क्लबाला टाळं लागलं होतं.

चाळीत शिरल्यावर त्यांनी विमानाच्या नाकाडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. हे एकदा तरी आपल्या सहीनं उडावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी भाऊंना सांगूनही टाकली. गरज आपली आहे हे समोरच्याला कळू देऊ नये म्हणतात. कृपाताईंना असली हुशारी आयुष्यात कधी जमली नाही.

समोर दोन इंजिनं होती. एक मूळच्याच जातीचं, नव्वद हॉर्सपॉवरचं, परदेशात नव्यासारखं करून मिळणारं, पण त्याचे सुटे भाग शोधता शोधता जीव मेटाकुटीला येणार. दुसरं एकशेपंधराचं. त्याचे भाग आजही क्लबांकडे मिळतात, पण ते अठ्ठावीस किलोंनी जड. भाऊंचा निकाल चहा यायच्या आत लागला होता, एकशेपंधरा. ताईंनी त्यांना समजावलं की विमान म्हणजे विहीर नव्हे. माणसं, पेट्रोल, इंजिन सगळं धरून सहाशे बारा किलोंच्या वर जायचं नाही, पंख तेवढ्याच भाराचे आहेत. आधी वजन करू, मग वजन सांगेल ते इंजिन. मनातून मात्र त्यांनाही मोठंच हवं होतं. एका फुटकळ भागासाठी पाच-पाच महिने जमिनीवर बसून राहिलेलं विमान त्यांनी पाहिलं होतं.

वजनाला भाऊंनी आपले दोस्त कानिफनाथ यांना बोलावलं. कांदा मार्केटचे मापाडी, तीस वर्षं तोलण्यात गेलेली. ते टेम्पोत तीन इलेक्ट्रॉनिक काटे घालून आले. पंख चढवून विमान खळ्यात आणलं, तीन चाकं तीन काट्यांवर घेतली, शेपटीचं चाक तिसऱ्या काट्यावर ठेवलेल्या लाकडी घोडीवर चढवून विमान सरळ केलं. ते सरळ राहतंय की नाही हे बघायला कृपाताई लेव्हलच्या बुडबुड्यावर डोळा लावून बसल्या. कानिफनाथ आकडे पुकारत गेले, ताई लिहीत गेल्या. जाता जाता भाऊ आणि स्नेहलही काट्यावर चढले. स्नेहलनं आपला आकडा स्वतःच वाचला. भाऊंना पोटामुळं दिसेना, म्हणून त्यांचा कानिफनाथांनी सांगितला.

बेरीज मोठ्या इंजिनासकट सहाशे दहा आली. दोन किलो शिल्लक. भाऊंनी पेढे वाटले. ताईंनी एकशेपंधराचा अर्ज दिल्लीच्या विमान खात्याकडे पाठवायला भरून ठेवला.

पुढच्या गुरुवारी भाऊंची सही घ्यायला त्या चाळीवर आल्या, तेव्हा कांद्याचा व्यापारी आला होता आणि कानिफनाथ गोण्या तोलत होते. ताई सहज काट्याशेजारी उभ्या राहिल्या. गोणी चढली, लाल आकडा बावन्न. कानिफनाथांनी पुकारलं, पन्नास. पुढची एक्कावन्न, पुकारलं एकोणपन्नास. ताईंनी विचारलं, हे काय?

"कडता हाय मॅडम. मापामागं दोन किलो कमी धरायचं. माती, पाला, बारदान. बंदी हाय म्हनत्यात, पर रीत कुठं मोडती? आता तर ध्यानात बी येत न्हाई, तोंडातनं आपसूक कमीच निघतंय."

ताईंनी हळूच विचारलं, विमानाच्या वेळीही तसंच निघालं का? कानिफनाथांनी हातातली गोणी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

भर उन्हात विमान पुन्हा बाहेर काढलं. आता तिन्ही आकडे ताईंनी वाकून स्वतः वाचले. तीन चाकांमागं सहा किलो वाढले. भाऊ काट्यावर चढले, त्यांचेही दोन किलो वाढले. बेरीज सहाशे अठरा. दोन किलो शिल्लक होते तिथं सहा किलो जास्तीचे निघाले.

भाऊंनी आधी हसण्यावारी नेलं. गूळ बंद करतो, महिन्यात सहा किलो उतरवतो म्हणाले.

"भाऊ, म्हणजे दर वेळी कुणीतरी लक्षात ठेवायचं," ताई म्हणाल्या. "मर्यादेचा आकडा विसरणाऱ्या माणसासाठीच असतो. मोठं इंजिन बसणार नाही."

तेव्हा भाऊंचा पारा चढला. चार महिने घोळ घातला, पेढे खाल्ले आणि आता न्हाई म्हनता. दुनियेत दुसरा इंजिनिअर न्हाई का, सहा किलोनं काय आभाळ कोसळतंय म्हणणारे छप्पन्न मिळतील. यात खोटं काही नव्हतं, तसे मिळतातच. ताईंना रडू आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. पण नकार जागचा हलला नाही. न्या म्हणाल्या, मी अडवू शकत नाही, माझी सही मात्र मिळणार नाही.

स्नेहल इतका वेळ पंखाला टेकून उभी होती.

"तात्या, दुसरा इंजिनिअर आणायचा तर दुसरी पायलटपण बघा," ती काकांना म्हणाली आणि घरात निघून गेली.

भाऊ चाळीच्या सावलीत जाऊन बसले. इकडं ताईंनी कांद्याचं रिकामं क्रेट पालथं घालून त्यावर कागद ठेवला. जुने आकडे खाडाखोड न करता एका रेघेनं कापले, म्हणजे पुढच्या माणसाला ते वाचता यावेत. नवे आकडे लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला. कानिफनाथ जवळ येऊन म्हणाले, माझं नाव घाला, चूक माझी हाय. ताईंनी नकारार्थी मान हलवली. तुमचं काम कांदा तोलायचं, विमान माझ्याकडे होतं, असं म्हणून त्यांनी लिहिलं: "पहिल्या वेळी आकडे मी स्वतः वाचले नाहीत."

बऱ्याच वेळानं भाऊ उठून आले. "मंग नव्वदच?"

"नव्वदच."

"आन् त्याचं पार्ट न्हाई घावलं तर?"

"शोधायला मी आहे की."

भाऊंनी कागद दोनदा वाचला, पेन मागितलं आणि मालकाच्या जागी सही केली. खाली इंजिनिअरची जागा मोकळी होती. या विमानाच्या कागदावर कृपाताईंचं नाव पहिल्यांदाच यायचं होतं, आणि ते त्यांच्याच चुकीच्या कबुलीखाली येत होतं. त्यांनी ते पूर्ण लिहिलं, आणि अक्षर जरासुद्धा लहान काढलं नाही.