पापुद्रेबाईंची काच

पापुद्रे हे बाईंचं आडनाव नव्हतं. पॅथॉलॉजीच्या लांबट खोलीत, मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्यांचे काप त्या केसाच्या विसाव्या भागाइतके पातळ काढत, म्हणून कुणीतरी ते चिकटवलं. पगाराचा कागद सोडला तर सगळीकडे तेच चाललं. काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती न पडता काचेवर उचलायचा, मग तो गुलाबी-जांभळा रंगवायचा. आयुष्य यातच गेलं आणि बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार इतरांच्या कापांबद्दल होती.

पाळी बंद होऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा बाई स्वतःहून तपासायला गेल्या. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली. काढलेलं गर्भाशय रीतसर डब्यात बसून त्यांच्याच खोलीत दाखल झालं. बाई रजेवर आणि गर्भाशय कामावर, अशी स्थिती काही दिवस होती.

खोलीचा एक रिवाज होता: आपल्या माणसाच्या मांसाचा मेणातला ठोकळा आपण कापायचा नाही. हात थरथरतो, मेण जातं आणि गेलेलं मांस परत येत नाही. एकाने सासऱ्यांचा ठोकळा निम्मा वाया घालवला होता. त्याचे सासऱ्यांशी संबंध तसेच होते म्हणा, पण रिवाज पक्का झाला. त्यामुळे बाईंचा ठोकळा पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने कापला.

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना आणि त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं. दोघांना एकदम बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकाला बाईंनी डोळे लावले.

“गाठ फार खोल गेलेली नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण ही रक्तवाहिनी बघा. आत पेशींचा पुंजका दिसतोय. तो खरोखर शिरला असेल, तर नुसत्या शस्त्रक्रियेवर भागणार नाही. किमोथेरपी घ्यावी लागेल.”

बाईंनी मान वर केली. “हे कुणी कापलंय?”

“आई!” मुलगी म्हणाली.

“पातं बोथट आहे. चरा बघा केवढा. सुरीने पेशी ओढून नेल्यात वाहिनीत.”

असं होतं कधीकधी, हे डॉक्टरांना मान्य होतं. हा पुंजका तसा नसावा, असंही त्यांना वाटत होतं. पण बाई आपल्या कॅन्सरकडे हलक्या दर्जाचं काम म्हणून बघत होत्या, आणि त्यापुढे वैद्यकशास्त्राचं फारसं चालत नाही. शिवाय किमोने बोटं बधिर होतात, हे बाईंनी आधीच विचारून घेतलं होतं. बधिर बोटांनी पापुद्रा उचलता येत नाही.

डॉक्टरांनी मुलीला समजावून सांगितलं. “गाठ म्हणजे नुसत्या बिघडलेल्या पेशी नव्हेत. ती शेजारच्या चांगल्या पेशींना कामाला लावते. रक्तवाहिन्यांना सांगावा धाडते, इकडे फांद्या फोडा. मग घाईघाईने नव्या वाहिन्या वाढतात, वाकड्या आणि गळक्या. राखणीला आलेल्या पेशींनाही ती फितवते.”

“आमच्या तळमजल्याचा भाडेकरू असाच आहे,” मुलगी म्हणाली. “पाणी चोरून घेतलंय, आणि वॉचमनही त्याचाच.”

“गाठीचं कौतुक पुरे,” बाई म्हणाल्या. “ठोकळ्यात मांस उरलंय ना? मी कापते.”

“बाई, रिवाज आहे,” चष्मेवाला दारातून म्हणाला.

“रिवाज थरथरणाऱ्यांसाठी आहे. तुझं पातं बदल आधी. आणि तोंड पाडून उभा राहू नकोस, ठोकळा बर्फावर ठेव, मेण घट्ट होऊ दे.”

टाके अजून ओढत होते, म्हणून बाई उशी पाठीशी घेऊन बसल्या. नवं पातं लावलं. कापायच्या यंत्राचं चाक फिरलं आणि मेणाची फीत एकसंध बाहेर आली. खोलीतले सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत होते, आणि कुणाचंही काम होत नव्हतं. बाईंचा हात हलला नाही. ठोकळ्यातलं मांस संपलं. आता पुन्हा कापायला काही उरलं नव्हतं.

एका काचेवर वाहिन्यांच्या भिंती तपकिरी दिसतील असा खास रंग चढवला गेला. ती तयार झाल्यावर डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग बाईंसाठी खुर्ची सरकवली.

चरा नव्हता, सुरकुती नव्हती. स्वच्छ तपकिरी भिंतीच्या आत पेशी भिंतीला धरून बसल्या होत्या. एका नव्हे, अनेक वाहिन्यांत. बाईंनी इतकी चोख काच केली होती की त्यांच्यासाठी पळवाट उरली नाही.

“मी ‘शक्यता’ असं लिहू शकतो,” डॉक्टर हळूच म्हणाले. “मग पुढचं तुम्ही, तुमचे कॅन्सरचे डॉक्टर, सगळे मिळून...”

“काप कसा आहे?”

“उत्तम आहे.”

“भिंत दिसतेय?”

“स्वच्छ.”

“मग शक्यता कसली? दुसऱ्या कुणाची काच असती तर काय लिहिलं असतं?”

डॉक्टरांनी पेन उघडलं.

“तेच लिहा. माझ्या काचेवरून गुळमुळीत अहवाल जाणार नाही.”

मुलगी रडू लागली. “आई, तुझी बोटं...”

“गाठीला वाहिन्यांतून हिंडायची हौस आहे ना? औषधही तिथूनच हिंडणार आहे. बघू कोण दमतं.” बाईंनी उशी काखेत मारली. “मुंग्या आल्या बोटांना, तर मुंग्यांसकट कापेन. तरी या चष्मेवाल्यापेक्षा चांगलं कापेन.”

चष्मेवाल्याने काच उचलली, पुसली आणि प्रकाशाकडे धरून बघत राहिला.

किमोच्या खोलीत नर्सने उजव्या हातावर शीर शोधायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी हात ओढून घेतला.

“डाव्या हाताला लावा,” त्या म्हणाल्या. “हा कामावर जायचाय.”