मळखाऊ

मनुबाईच्या जन्मात तिच्या पसंतीचं एकही लुगडं तिच्या अंगाला लागलं नव्हतं. लुगडी मिळाली नाहीत असं नाही. बाप होता तोवर बापानं आणली, मग दिवाळीला भाऊ आणू लागला, आणि नवरा फौजेतून रजेवर यायचा तेव्हा सांगलीला उतरून तोही एखादं काखोटीला मारून यायचा. सगळी जीव लावणारी माणसं. पण दुकानाची पायरी चढली की प्रत्येकाच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडे, "मळखाऊ दाखवा." मग दुकानदार कॉफीच्या रंगाचं, काथ्याच्या रंगाचं, नाहीतर काळ्याकडं झुकलेलं हिरवं असं काहीतरी पुढं टाकी आणि ते मनुबाईच्या वाट्याला येई.

आता कुणी म्हणेल, यात त्यांचं काय चुकलं? बाई रानात राबणारी. कृष्णाकाठची काळी माती, उसाचा पाला, हळद शिजवायच्या दिवसांत अंगभर पिवळे डाग. कासोटा घट्ट मारून ती उसात शिरायची आणि बाहेर यायची तेव्हा लुगड्याचा मूळ रंग कोणता होता हे सांगणंच अवघड व्हायचं. असल्या कामाला फिकट लुगडं चालत नाही हे मनुबाईलाही कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण रानातलं लुगडं मळखाऊ, म्हणून देवाला जायचंही मळखाऊ, जत्रेचं मळखाऊ, हळदीकुंकवाचंही मळखाऊ! या बाईच्या आयुष्यात न मळायचा एकही दिवस येणार नाही, असं या लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. तिची चिडचिड होती ती याची.

त्यात घरात सयाजीराव. फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला हा तिचा नवरा. खाकीचा त्याला इतका वीट आला होता, की गावी आल्यावर त्यानं पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावून घेतला नाही. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी. सकाळी तांब्यात निखारे घालून स्वतः शर्टाला इस्त्री करायचा आणि गावातल्या पारावर जाऊन बसायचा. पार काही कुणी रोज धुवत नाही. संध्याकाळी धोतर मागून मातकट होऊन परत यायचं, आणि ते धुवायचं कुणी, तर मनुबाईनं. नदीच्या दगडावर धोतर आपटता आपटता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "ह्येंला न्हाई कुनी सांगत, मळखाऊ घ्या म्हून! बसून खानाऱ्यानं पांढरं नेसायचं आनि राबनारीनं काळं!" धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. मनुबाई नीळ घालून धोतर पिळायची, असं पिळायची की ते फाटलं नाही हेच नवल.

मनातला रंग मात्र तिनं कुणाला सांगितला नव्हता. गावात बदलून आलेली नर्सबाई दोरीवर पातळं वाळत घालायची, त्यात एक आकाशी होतं. मनुबाई पाण्याला जाता-येता ते बघायची. एकदा आसपास कुणी नाही असं बघून तिनं त्याचा काठ चिमटीत धरूनही पाहिला होता. असलं एक आपल्याला असावं, पेटीत ठेवावं, आणि कुठंतरी नुसतं बसायला जायचं असेल तेव्हा नेसावं. मागून मागून बाईनं मागितलं काय, तर एक रंग, आणि तोही बोलायची चोरी!

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा तिच्या मुलीचं, सुलाचं लग्न ठरलं. स्थळ कवठे महांकाळकडचं. मुलगा सयाजीरावच्याच पलटणीतला. त्याचा बाप कोंडीबा आणि आई धोंडुबाई म्हणजे कोरडवाहू रानातली, दुष्काळात खडी फोडून पोरं जगवलेली, मोजकं बोलणारी माणसं. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडच्यांनी सांगलीला जमायचं ठरलं. जिचं लग्न ती पोर घरात ठेवायची आणि चुलते, मामा, आत्या अशी सारी वरात कापडाच्या दुकानात न्यायची, अशीच तेव्हाची रीत होती. त्यात मुलाच्या आईचं मानाचं लुगडं मुलीकडच्यांनी घ्यायचं आणि मुलीच्या आईचं मुलाकडच्यांनी.

हे मानाचं लुगडं काही उसात नेसायचं नव्हतं. मिळालं तर आत्ताच, असं मनुबाईनं मनाशी धरलं. निघायच्या दिवशी सकाळी भाकरी वाढता वाढता तिनं धीर केला.

"आवं, माज्या लुगड्याचं जरा बगा. औंदा मळखाऊ नगं."

"मग कसलं पायजे?"

"फिकट. आकाशी."

सयाजीरावला ठसकाच लागला. "आगं, देनार त्ये लोक! आमाला ह्योच रंग द्या, आसं आपन मुलीकडच्यांनी सांगायचं व्हय? लोक काय म्हनतील?" आणि पुन्हा तो भाकरीकडं वळला. लोक काय म्हणतील ते लोकांनाच एकदा विचारून यावं, असं तिला वाटलं. पण एसटीची वेळ झाली होती.

दुकानात पांढऱ्या गादीवर पुरुष पुढं बसले आणि बायका मागं. चहा आला, पानं आली. लुगडी उलगडून पडू लागली तशी गादी दिसेनाशी झाली. आत्या बोट दाखवायच्या, चुलते मान हलवायचे, आणि शेवटी घेतलं जायचं ते चुलत्यांना आवडलेलं. त्या ढिगातून एकाएकी एक आकाशी लुगडं बाहेर आलं, कुंकवी काठाचं. मनुबाईचा हात आपसूक त्याच्यावर गेला. शेजारीच धोंडुबाई बसली होती, तिनं तो हात पाहिला.

"इहीनबाई, हे आवडलं जनू? घ्या की."

इतक्या वर्षांत तिला असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. आणि तोंडातून निघालं काय?

"नगं, नगं. कशाला येवढं भारी."

यात तिचा काही दोष नव्हता. कृष्णाकाठाला हीच रीत. पुढं केलेली वस्तू पहिल्यांदा नको म्हणायची, ती मानासाठी. दुसऱ्यांदा नको म्हणायची, ती हावरेपणा दिसू नये म्हणून. मग समोरचा तिसऱ्यांदा गळ घालतो, तेव्हा 'आता तुमी येवढं म्हनताय तर' असं म्हणून घ्यायची. चहापासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथं असंच चालतं. एकदम हो म्हणणाऱ्या बाईला तिच्या आईबापांनी काही शिकवलं नाही, असं समजतात.

"आवडलं आसंल तर घ्या," धोंडुबाई पुन्हा म्हणाली. "आमी देतुया."

"नगं वो इहीनबाई. तुमी द्याल त्ये."

हात अजून लुगड्यावरच होता. आता तिसरं विचारणं. मनुबाईनं पुढचं वाक्य ओठावर आणून ठेवलं, थोडं हसूही तयार ठेवलं, आणि थांबली.

"बरं," धोंडुबाई म्हणाली आणि दुकानदाराकडं वळली. "ह्येची घडी करा."

दुकानदारानं तिच्या हाताखालून ते लुगडं ओढून घेतलं. मनुबाई बघतच राहिली. आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून ती विहिणीच्या तोंडाकडं बघत होती, आणि विहीण पुढचा गठ्ठा बघत होती. तेवढ्यात पुढून आवाज आला, आणि तो परक्या कुणाचा नाही, तिच्या सख्ख्या भावाचा, भाऊसोचा.

"आमची भन रानात राबती पावनं. मळखाऊ बगा, म्हंजे उपेगाला येतंय."

झालं. पिवळ्या काठाचं कॉफीच्या रंगाचं लुगडं निघालं. सगळे म्हणाले, झकास. मनुबाईनं ते कपाळाला लावून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते बायकांना मुलीच्या लग्नाचं वाटलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. सयाजीराव खुशीत होता. मांडीवरच्या गठ्ठ्यावर थाप मारून म्हणाला, "बेस झालं बग."

"काय बेस झालं? काय बेस झालं वो?" ती अशी उसळली की पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळला. "आकाशी हातातनं गेलं माज्या!"

"आगं, ती बाई दोनदा म्हनली, घ्या म्हून. म्या आयकलंय. तूच नगं म्हनलीस."

"मग तिनं तिसऱ्यांदा म्हनाय नगं?"

सयाजीरावला आता हसू आलं. "तिकडं तसं न्हाई. माज्या पलटणीत हुती की त्या भागातली पोरं. जेवताना येकदा इचारत्यात. न्हाई म्हनलं की ताट उचलत्यात. तिनं तुला दोनदा इचारलं, म्हंजे लय मान दिला."

"हे आदी सांगाय काय झालं हुतं?"

"मला काय ठावं, तुला पायजे हाय म्हून!"

"सकाळीच सांगितलं की तुमास्नी! भाकरी वाढताना!"

सयाजीरावनं टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

गाव येईपर्यंत तिचा राग लुगड्यावरून उठून भलतीकडंच जाऊन बसला होता. असल्या घरात सुला नांदायला निघाली होती. आणि सुलाला तिनं काय शिकवलं होतं? कुणी काही दिलं तर नको म्हणायचं, पुन्हा दिलं तरी नको म्हणायचं. पोर त्यात इतकी तयार झाली होती की शेजारणी तिचं उदाहरण द्यायच्या. म्हणजे तिकडं ती उपाशी राहणार, थंडीत काकडणार, जन्मभर दुसऱ्यांच्या पसंतीचं नेसणार, आणि सासू बिचारी म्हणणार, मी तर विचारलं होतं!

त्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली.

"तिकडं येकदाच इचारत्यात. पयल्यांदाच व्हय म्हनायचं. कळलं?"

"व्हय."

"दूध देऊ का?"

"नगं."

मनुबाई पळी आपटायची. "आगं भवाने, आत्ता काय सांगितलं!"

"आये, हावरी म्हनतील मला."

"म्हनू देत! हावरी म्हनलेलं बरं!" हे आपणच बोलतोय यावर मनुबाईचा विश्वास बसेना. पण सुलाच्या तोंडात ते 'नगं' असं बसलं होतं, की विचारणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते बाहेर पडायचं.

लग्न भर वैशाखात लागलं. मनुबाईनं कॉफीचं लुगडं नेसलं आणि दिवसभर मांडवात तुरुतुरु फिरली. सुलाच्या अंगावर जरीचा लाल शालू होता, इतका जड, की ती पाटावर बसवलेलं पोतं वाटावी. अक्षता पडल्यापासून पोर घामानं निथळत होती. जेवणावळ उठल्यावर ती आईच्या कानाशी लागली. "आये, जीव गुदमारतुया. कवा येकदा ह्यो काढीन, आसं झालंय."

पाठवणीला ट्रक दारात आला. सुलाला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. बायका रडत होत्या. तेवढ्यात धोंडुबाईनं आपल्या बोचक्यातून एक साधं सुती पातळ काढलं आणि सुनेपुढं धरलं.

"पोरी, लांबचा पल्ला हाय. शालू जड झाला आसंल. आत जाऊन हे नेसून येतीस का?"

मनुबाईचं रडं थांबलं. सुलानं पातळाकडं पाहिलं. मग जमलेल्या सगळ्या गावाकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"नगं."

"बरं," धोंडुबाई म्हणाली आणि पातळ बोचक्यात कोंबून सुनेशेजारी चढून बसली.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. रीत अशी, की मुलीच्या आईनं अशा वेळी पदर तोंडाला लावून मागं उभं राहावं. मनुबाई बायकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत ट्रकाशी गेली आणि तिनं दार धडाधडा वाजवलं.

"इहीनबाई! थांबा! तिला पायजे हाय त्ये पातळ! खोटं बोलली ती!"

"आगं, काय चालवलंयस?" मागून सयाजीराव दबक्या आवाजात म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

"सकाळपास्नं जीव गुदमारतुया तिचा! नगं म्हनली तरी पायजे हाय तिला! आनि दुकानात म्या बी खोटंच बोलले हुते. मला बी त्ये आकाशी पायजे हुतं!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. धोंडुबाईनं आधी सुनेकडं पाहिलं, मग विहिणीकडं, तिच्या अंगावरच्या कॉफीच्या लुगड्याकडं. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"म्या तुमास्नी इचारलं हुतं की, इहीनबाई," ती म्हणाली. "हिलाबी इचारलं. पायजे हुतं, तर तुमी मायलेकी न्हाई कशाला म्हनला?"

मनुबाईनं ट्रकाचं दार उघडलं, सुलाचा दंड धरला आणि कपडे बदलायला तिला खाली उतरवून घेतलं.