जाळीखालचा कावळा

तेत्सुरोला स्वतःच्याच दुकानाची शिसारी आली होती. हाराजुकू या फॅशनच्या पेठेतल्या मागल्या गल्लीत त्यानं आणि त्याच्या मित्रानं, क्योहेईनं, ते थाटलं, तेव्हा दोघं हातानं शर्ट छापत. क्योहेईनं काढलेला एका डोळ्याचा कावळा शर्टाच्या छातीवर असे आणि पोरं त्यासाठी जीव टाकत. मग क्योहेई वारला. मागे राहिला तो कावळा, आणि त्याची म्हातारी आई, तोमिए. "काकू, नव्या शर्टावरही कावळा छातीवरच असेल," असा शब्द तेत्सुरोनं तिला दिला होता.

नव्या शर्टासाठी होशिना आला. नावाजलेला डिझायनर, बोलणं गुळचट. त्यानं कावळ्यावर काळ्या जाळीचा दुसरा थर शिवला आणि जाळीवर स्वतःचं नाव एवढं थोरलं छापलं, की खालचा पक्षी दिसेचना.

"तेत्सुरो-सान, आपले पूर्वज उंची चित्रं अंगरख्याच्या अस्तरात लपवायचे. तीच रीत ही!"

ते स्वतःचं लपवायचे, दुसऱ्याचं नव्हे, असं तेत्सुरोच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण होशिनाच्या नावावर दुकान तगणार होतं. त्यानं होकार दिला.

विक्रीच्या सकाळी गल्लीभर रांग लागली. शर्ट घ्यायचा आणि घडीही न मोडता कोपऱ्यावर दुप्पट भावानं विकायचा, असा सगळा किळसवाणा बाजार. अंगात घालायला कुणालाच नको होता. त्या गर्दीतून वाट काढत तोमिए आत आली.

"अरे तेत्सु, कावळा कुठाय?" म्हणत तिनं फळीवरच्या एका शर्टाची जाळी उचलून पाहिली.

"ओ आजी, हात नका लावू! डाग पडेल," होशिना खेकसला.

तेत्सुरोचं डोकं फिरलं. गल्ल्यावरची कात्री उचलून त्यानं जाळी खांद्यापासून कराकरा कापून काढली. कावळा मोकळा झाला.

मग रांगेतून आवाज आला, "तो कापलेला केवढ्याला?"

"ए, मी आधी उभा आहे!"

होशिनानं तर टाळ्याच पिटल्या. "वा, तेत्सुरो-सान! पुढची खेप कापलेलीच काढू. जाळीच्या तुकड्यावर सही मी करतो."

तेत्सुरोला होशिनाची किळस होतीच, पण त्याला आत बोलावणाऱ्या स्वतःची जास्त.

तोमिएनं शर्टाची घडी घातली आणि तो रुमालात गाठ मारून बांधला. "हा विकायचा नाही ना रे?"

"हा नाही, काकू."

म्हातारीनं फळीवरच्या बाकीच्या थप्प्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि गाठोडं पोटाशी धरून ती निघून गेली.