काकूंचे वाढते हात

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण शेजारच्या काकूंबद्दल दुसरे कोणी लिहिणार नाही.

काकू चाळिशीकडे झुकल्या तसे त्यांचे हातपाय वाढू लागले. जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली. काकांच्या वहाणाही त्यांना आखूड पडत. शिरपूरची कासारीण दर खेपेला आणखी मोठ्या बांगड्या आणी. एकदा थकून ती म्हणाली, "काकू, पुढच्या साली बैलगाडीच्या चाकाची धाव आनू का?"

"आन. पन दोनी हातांले आन," काकू म्हणाल्या.

जबडाही पुढे आला, तेव्हा त्यांना बाहेरचे काही लागले आहे असे गाव बोलू लागले. बाया पोरांना त्यांच्या दारावरून लवकर ओढून नेत. काकू कोणाला उलट बोलल्या नाहीत. डोके दुखले की फडके आवळून बांधत. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागे. मी विचारले तर म्हणत, "समोरचं दिसते ना, मंग झालं."

नागपूरला इंटरच्या वर्गात सरांनी शिकवले, की मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या पेशी वाढीचा रस रक्तात सोडतात. कधी त्या पेशीच बेसुमार वाढून गाठ होते. मग रस वाढतो, हाडे रुंदावतात, डोळ्यांच्या नसा दबतात.

"पण त्या पेशींना वाढायला कोण सांगतं?" मी भीत भीत विचारले.

"ते अजून नीट कळलेलं नाही," सर म्हणाले. मी काकूंचे सांगितले तेव्हा मात्र मोठ्या दवाखान्यात किरणांचा उपचार होतो, लवकर आणले तर नजर वाचू शकेल, असेही त्यांनी सांगितले.

दिवाळीत मी काकूंना हे सारे सांगितले.

"वाटान्याएवढी? म्हंजे मले बाहेरचं काई लागलं नाई?"

"नाही, काकू."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "हे तुया काकाले सांग. अन् तिकडं चावडीवरबी सांग. कापूस घरात आला का मी नागपूरले येतो. तू टेशनावर उभा राह्यजो."

पौषी पौर्णिमेला दोघे येणार असे ठरले. मी सकाळपासून स्टेशनावर होतो. गाडीतून काका एकटेच उतरले.

"काकू कुठे?"

"सोमवारी गेली," काका म्हणाले. "सकाळी डोकं धरून बसली, सांजेले गेली. पोरगं टेशनावर वाट पाहीन, त्याले सांगून या, म्हने."